भिंतीपलीकडची नाडी

सोनवडीत एक विचित्र रोग होता. माणसं झोपेत उठायची आणि मिटल्या डोळ्यांनी थेट तळ्यात चालत जायची. हा रोग वाढतो कसा, हे शोधायला मंजुळा वैद्यीण कित्येक वर्षं दर अमावास्येला रोग्यांची नाडी पाहत होती. कुणाचं नाव विचारणार नाही, असा तिने शब्द दिला होता. म्हणून रोगी तोंड झाकून भिंतीपलीकडे बसत, मनगटाला दोरा बांधत आणि त्याचं टोक भोकातून अलीकडे सोडत. दोऱ्याचा रंग हीच ज्याची त्याची ओळख.

एका अमावास्येला रोग्यांना हुडकून गावाबाहेर काढायला दिवाण यादोजीराव शिपाई घेऊन आत शिरले. अंधाऱ्या खोलीत माणूस एकही दिसेना; भिंतीतून आलेले दोरे तेवढे थरथरत होते.

"नावं सांग, नाहीतर भिंत पाडतो!"

"नावं मलाही ठाऊक नाहीत, सरकार. दोरा ओढा, माणूस पुढे येईल."

दिवाणांनी तांबडा दोरा बोटाला गुंडाळला. "जो निघेल तो आजच वेशीबाहेर!"

त्यांचा आवाज ऐकताच बोटाखाली कुणाचं तरी काळीज जोरात धडधडू लागलं.

"खुशाल ओढा," मंजुळा म्हणाली. "फक्त एवढं सांगा, या घडीला तुमच्या घरची सगळी माणसं घरातच आहेत ना?"

दोरा बोटावरून गळून पडला. शिपायांकडे न बघता दिवाण निघून गेले.

शेजारणीने नंतर हळूच विचारलं, "खरंच त्यांच्या घरचं कुणी होतं का गं?"

"मला काय माहीत?" मंजुळा म्हणाली. "मग भिंत कशाला बांधलीय?"