मुक्या रोपाची वेल

एका राज्यात मिरीचे मळे होते, आणि त्या मळ्यांवर शाप होता. राजाच्या बापाने मळ्यांसाठी कराळी चेटकिणीचे रान जाळले, तेव्हा जळता जळता ती म्हणाली, "माझ्या रानाचा वंश तोडलास, तुझ्या मळ्यांचाही तुटेल." तेव्हापासून वेलींच्या मुळांना काळी मर हा रोग लागला. ज्या अंगणातली वेल सुके, त्या घरचे लेकरू वेलीबरोबर सुके.

शाल्मली ही राजाची मळेकरीण. तिच्या दारची वेल आषाढात काळवंडली, आणि श्रावण लागायच्या आत तिची लेक रेवा गेली. शाल्मली रडली नाही. मळ्यात वेलींचे फाटे छाटून नव्याने लावत राहिली, आणि तेही सुकत राहिले.

एके सकाळी कुंपणावर धनेश पक्षी येऊन बसला. जळल्या रानातला तो एकटाच उरला होता.

"बाई, वंश तोडला म्हणून शाप लागला. वंश जुळला तर शाप सुटेल. कामे तीन आहेत. करशील?"

"करीन."

"पहिले काम, रानमिरीचे पराग आणून मळ्यातल्या वेलीला लाव."

धबधब्यामागच्या कपारीत रानमिरीची एक वेल जळायची राहिली होती. तिला मर शिवत नसे, पण तिचे दाणे कडूजहर. वेलीला वेढा घालून नाग बसला होता. फुलोऱ्यातल्या परागांच्या बदल्यात त्याने शाल्मलीच्या केसांचा काळेपणा मागितला. तिने दिला. पांढऱ्या केसांनी ती परतली, आणि मळ्यातल्या शेवटच्या जित्या वेलीच्या तुऱ्यांना मोरपिसाने ते पराग लावले.

दाणे पिकले. धनेश म्हणाला, "आता ज्या मातीत लेकरांच्या वेली मेल्या, त्याच मातीत हे बी पेर."

राजा विजयध्वजाने तिला अडवले. "विषात बी पेरतेस?"

"इथे जे जगेल, तेच पुढे जगेल, महाराज."

घरोघरच्या बायांनी पदरात माती आणून दिली. तिचा वाफा झाला. वाफ्यात रोपे उगवली, आणि उगवताच बोलू लागली. ज्या घरची माती, त्या घरच्या गेलेल्या लेकराचा आवाज. बाया धावत आल्या. कुणी रोपापाशी अंगाई म्हणे, कुणी दुधाचे बोट लावी.

"तिसरे काम," धनेश खाली बघत म्हणाला. "ज्याचे मूळ पांढरे, ते एकच ठेव. बाकीची उपट. एक जरी काळे मूळ राहिले, तर मर पुन्हा पसरेल."

शाल्मलीने माती उकरून मुळे पाहिली. सगळी काळी पडू लागली होती. कडेचे एक तेवढे पांढरे होते, आणि ते रोप मुके होते.

उपटायला हात घातला तशी कुंभाराची सून यमी आडवी पडली. "माझ्या सोन्याला हात लावू नकोस! तू आई नाहीस का गं?"

वाफ्याच्या मधोमध एक रोप होते, त्याच्यापाशी शाल्मली गुडघ्यांवर बसली.

"आई," रोप म्हणाले, "आज मला बरं वाटतंय."

रेवा शेवटच्या दिवशीही हेच म्हणाली होती. शाल्मलीने रोपाच्या बुंध्याला बोटे लावली. रोप हसले, गुदगुल्या झाल्यासारखे. तिने ते उपटले.

मग यमी बाजूला झाली. शाल्मली एकेक रोप उपटत गेली आणि वाफ्यातला कलकलाट विझत गेला. शेवटी ते मुके रोप उरले.

"हे कुणाचं?" यमीने विचारले.

"अजून जन्मायचंय त्याचं," धनेश म्हणाला, आणि रानाकडे उडून गेला.

ती वेल पांगाऱ्यावर चढली. तिला घोस आले. दाणे तिखट होते, कडू नव्हते. पहिला घोस खुडला त्या दिवशी घरोघरची सुकत चाललेली लेकरे उठून बसली आणि खायला मागू लागली. जळल्या रानात कोंब फुटले. राजाने ते रान रानाला परत दिले, मळ्यांची वेस मागे घेतली, आणि शाल्मलीला बोलावून म्हणाला, "वेलीला तुझ्या लेकीचे नाव देऊ."

"नको, महाराज. रेवाचं रोप मी उपटलं. ही वेल तिची नाही."

पुढच्या पावसाळ्यात बाया फाटे न्यायला आल्या. यमी सगळ्यांच्या मागे उभी होती. शाल्मलीने तिला चांगला डोळे धरलेला फाटा काढून दिला. यमीने तो घेतला, पदराखाली झाकला, आणि घरी गेली.

फाटा रुजला. मिरीला चव आली, राज्याला पोरे राहिली. कहाणी तिथे थांबली.