धाकू मेस्ताचा फुटका रंधा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा आडखार गावाच्या खाडीला नावही नव्हतं. माणसं तिला नुसतंच 'पाणी' म्हणत, आणि म्हणताना जरा आवाज खाली आणत. कारण शेती एका बाजूला, भरतीचं खारं पाणी दुसऱ्या बाजूला आणि मध्ये फक्त मातीचा एक बांध. बांधाला एकच लाकडी दार होतं. त्याला उघाडी म्हणत. ओहोटीला ती उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला बंद करायची. उघाडी गळली तर त्या वर्षीची भातशेती मेली म्हणून समजा.

आदल्या वर्षी ती गळली होती. बनवली होती धाकू मेस्ताने.

धाकू हा गावचा सुतार, हात चांगला, बोलणं कमी. दाराच्या फळ्यांच्या कडा अर्ध्या जाडीपर्यंत कापून एक फळी दुसरीवर बसवायची, ही रीत त्याला पक्की ठाऊक होती. पण खाचेच्या आतल्या कोपऱ्यात त्याचा रंधा पोचतच नसे. पटाशीने कोरलं की कोपरा ओबडधोबड राही. मग सगळे सुतार करत तेच त्यानेही केलं, फटीत काथ्या आणि चिकणमाती कोंबली. भाद्रपदातल्या उधाणाने ती धुऊन नेली आणि उघाडीजवळचा आवडाईचा तुकडा खारा झाला. आवडाई एकटी बाई. ती काही बोलली नाही, याचंच धाकूला जास्त लागलं.

पुढल्या वर्षी गावाने नव्या रंध्यासाठी थोडं थोडं भात गोळा केलं. आवडाईने आपल्या बियाण्यातलं दोन पायली घातलं आणि एवढंच विचारलं, "धाकू, पाणी अडतला मा?"

"अडतला, काकी," तो म्हणाला. म्हणाला खरा, पण जुन्या उघाडीची फट पुन्हा एकदा बघून आला.

धाकू घाटावरच्या बाजाराला गेला. जाताना ऐनाच्या लाकडाचे दोन तुकडे आणि पाण्याचा तांब्या घेऊन गेला. तिथे रंध्यांची नुसती आरास होती! शिसवीचे, पितळेच्या पट्टीचे, मोराच्या मुठीचे. असल्या एकाच्या किमतीत बैल आला असता. पण धाकूने प्रत्येक रंध्याने तुकड्यांना खाच पाडली, तुकडे जुळवले आणि सांध्यावर पाणी ओतलं. मोराच्या मुठीवाल्याच्या खाचेतूनही पाणी ठिबकलं. दुकानदार चिडले, की हा माणूस घ्यायला आलाय की आंघोळ घालायला?

शेवटच्या दुकानात चादरीच्या कोपऱ्यावर बाभळीचा एक रंधा पडला होता. एका बाजूचं लाकूड झिजून फुटलेलं, आणि पात्याची धार तिथे अगदी बाहेरपर्यंत उघडी पडलेली.

"ह्यो व्हय?" दुकानदार हसला. "ह्यो इकायचा न्हाय. चादर उडू नये म्हनून ठेवलाय."

धाकूने तो चालवला. पात्याला अडवणारं लाकूडच उरलं नव्हतं, त्यामुळे धार सरळ कोपऱ्यात गेली. खाच काटकोनात उतरली. त्याने तुकडे जुळवले, सगळा तांब्या ओतला. खाली जमीन कोरडी. असं म्हणतात, की तेव्हा धाकू बाजारात एकटाच मोठ्याने हसला. रंधा मूठभर भातात मिळाला, उरलेलं भात त्याने परत आणलं.

पण गावात हसलं कोणीच नाही. भात गोळा करणारा बाबल गावकर तर कडाडलाच, "गावान भात दिल्यान, नि तू फुटको रंधो घेऊन इलंस?" धाकूने उरलेलं भात ज्याचं त्याला परत केलं. आवडाईचं बियाणं तिच्या दारात ठेवलं आणि कामाला बसला. नव्या उघाडीत त्याने काथ्या घातला नाही, माती घातली नाही.

भाद्रपदातली अमावस्या आली. भर दुपारी उधाण चढलं. सारा गाव बांधावर. असं म्हणतात, की त्या दिवशी पाणी माडाच्या अर्ध्यापर्यंत उभं राहिलं. उघाडीच्या प्रत्येक सांध्यावरून ते चाचपत गेलं, पण आत शिरायला कोपरा सापडेना. शेवटी खाडीच थकली आणि मागे वळली.

तरी कोणाचा विश्वास बसेना. फळ्या आतून काळ्या दिसत होत्या, कोणी म्हणालं ओल आहे. तेव्हा आवडाई खाली उतरली, शेताच्या बाजूने दाराला तोंड लावलं आणि फळी चक्क चाटली.

"तुरट हा," ती म्हणाली. "नुसता लाकूड. खारट नाय!"

आणि मग खाऱ्या झालेल्या तुकड्याबद्दल वर्षभर अवाक्षर न काढलेली ती बाई बांधावर बसून ढसाढसा रडली. धाकूही रडला. त्या वर्षी तिच्या तुकड्यात लोंब्या कमरेपर्यंत आल्या, असं म्हणतात.

आज धाकू नाही, आवडाई नाही. खाडीला नाव मात्र आहे, मेस्ताची खाडी. आडखारात अजून मोडकं हत्यार कोणी लगेच टाकत नाही. ते एक भरतीभर बांधावर ठेवतात, धाकूने एकदा बघून घ्यावं म्हणून. आणि भाद्रपदातल्या अमावस्येला, उधाण ओसरलं की, उघाडीजवळचं शेत जिचं असेल ती बाई खाली उतरते. सगळा गाव गप्प होतो. ती फळीला जीभ लावते आणि वर बघून सांगते, "तुरट हा!"

मगच घरोघर चुली पेटतात.