चंपिकेने सांगितलेले खरे

पूर्वी वेलापट्टण नावाच्या बंदरावर पूर्णक राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व खाडीकाठच्या मीठ पिकवणाऱ्यांच्या वस्तीत, एका सुइणीच्या पोटी कन्या होऊन जन्मास आला. तिचे नाव चंपिका ठेवले.

त्या वस्तीत एक जुनी चाल होती. मुलीला सातवे वर्ष लागले की तिला चिंचेखालच्या झोपडीत नेत. तिथे चार बायका तिचे हातपाय धरीत आणि सुईण पात्याने तिच्या देहाचा कोवळा, लज्जेचा भाग कापून टाकी. याला ते शुद्धी म्हणत. शुद्धी न झालेल्या मुलीच्या हातचे पाणी कोणी पीत नसे, तिला कोणी सून करून घेत नसे. एखादी मुलगी त्यात दगावली, तर आईने व्रत मोडले असेल, असे म्हणून लोक गप्प होत.

चंपिकेचीही शुद्धी झाली होती. ते पाते पुढे तिच्याच हाती आले. लग्नकार्यात पहिले पान तिचे असे, आणि लहानथोर सारे तिला माय म्हणत. ती दयाळू होती. मुलींच्या कपाळावरून हात फिरवी, गोड बोले आणि मग आपले काम करी. त्याच मुली पुढे मोठ्या होऊन बाळंत होताना अडत, तीन तीन दिवस तळमळत, तेव्हाही हीच त्यांच्या उशाशी बसे. कशामुळे हे होते ते तिला कळत होते. पण कळलेले तिने कधी ओठांवर येऊ दिले नाही.

एका वर्षी वासुला नावाच्या बाईची मुलगी मेखला शुद्धीनंतर तिसऱ्या दिवशी गेली. रक्त थांबले नाही. वस्तीने नेहमीसारखा आईला दोष दिला. सासूने वासुलेला चुलीपाशी येऊ देणे बंद केले.

महिन्याभराने, ऐन दुपारी, वासुला चंपिकेच्या दारात येऊन बसली. ती वाळून गेली होती.

"माय, तुम्ही जाणत्या आहात," ती म्हणाली. "माझं काय चुकलं ते सांगा. उपास नीट केले. अंघोळ चुकवली नाही. आठवून आठवून डोकं फुटायला आलं, पण चूक सापडत नाही. सापडली तर पोरीची क्षमा तरी मागेन."

चंपिकेला अजूनही गप्प राहता आले असते. पण एक आई आपल्याच आयुष्यात नसलेली चूक शोधत फिरते आहे, आणि ती चूक तर माझ्या हातात आहे, हे तिला सोसवेना.

"तुझं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "माझ्या पात्याने तुझी मुलगी गेली. याआधी गेल्या त्याही तशाच गेल्या. मला माहीत होतं."

वासुलेला आधी ते समजलेच नाही. समजले तेव्हा ती उठली आणि निघून गेली.

चंपिकेने त्याच संध्याकाळी पाते खाडीत टाकले. दुसऱ्या दिवशी मीठ भरायला सारी वस्ती जमली असताना तिने सर्वांसमोर तेच शब्द पुन्हा उच्चारले. वस्तीचा प्रमुख भद्रक चिडून म्हणाला, "बाई, वय झालं तुझं. घरी बस." त्या दिवसापासून तिला माय म्हणणे लोकांनी सोडले. पहिले पान गेले, बाळंतपणाची बोलावणी थांबली, आणि शुद्धीसाठी खाडीपलीकडची दुसरी सुईण ठरली.

चंपिका घरोघर जाऊ लागली. दारे लावून घेतली जात. ती ओटीवर बसे, आणि दारामागच्या बाईला एवढेच विचारी, "तुला तो दिवस आठवतो का ग?"

कित्येक दिवस कोणी उत्तर दिले नाही. मग एका दारामागून आवाज आला, "आईने माझे पाय धरले होते." एवढे बोलून ती बाई रडू लागली. हळूहळू बायका बोलू लागल्या. एकाच झोपडीत साऱ्याजणी जाऊन आल्या होत्या, पण त्याविषयी जन्मात कोणी कोणाशी बोलले नव्हते.

तरी चाल मोडेना. बायका म्हणत, "तू म्हणतेस ते पटतं. पण माझ्या पोरीला करून कोण घेईल? ती जन्मभर घरात राहील."

चंपिकेने यावर पुष्कळ विचार केला. प्रत्येक आईला दुसऱ्या आईचीच भीती आहे, हे तिच्या ध्यानात आले. मग तिने मुलींच्या आयांना समजावणे थांबवले आणि ती मुलग्यांच्या आयांकडे जाऊ लागली. एक दिवस ठरवून साऱ्याजणींनी मिठाच्या राशींपाशी जमावे, असे ती त्यांना सांगे. त्यांत वासुलाही होती. तिचा थोरला लग्नाचा झाला होता.

वासुलेने तिला आत घेतले नाही. उंबऱ्यातूनच म्हणाली, "तुमचं तोंड बघायची माझी इच्छा नाही. पण येईन मी."

ठरल्या दिवशी सकाळी बायका मिठाच्या राशींपाशी जमल्या. भद्रकाची आई धरणी काठी टेकत आली. वस्तीत तिचा शब्द कोणी खाली पडू देत नसे, आणि तिच्या नातीला त्याच वर्षी सातवे लागले होते.

वासुला पुढे झाली. तिने मूठभर मीठ उचलले. "या मिठावर सांगते. माझ्या थोरल्याला मी शुद्धी न झालेली मुलगी सून करून आणीन. तिच्या हातचं पाणी मी आधी पिईन."

मग दुसरीने मीठ उचलले, मग तिसरीने.

धरणी चंपिकेसमोर येऊन उभी राहिली. "माझं झालं, माझ्या आईचं झालं, माझ्या लेकींचं मी केलं," ती चंपिकेला म्हणाली. "मग आम्ही सगळ्यांनी ते उगाच सोसलं, असं म्हणतेस तू?"

समजुतीचे काही बोलावे असे चंपिकेला फार वाटले. पण ती म्हणाली, "हो, आजी. उगाच सोसलं. आणि त्यातलं पुष्कळ माझ्या हातून."

म्हातारीने मीठ उचलले नाही. जाताना एवढेच म्हणाली, "नातीचं यंदा नको."

पुढच्या वर्षीही ती तसेच म्हणाली, आणि त्याच्या पुढच्याही. खाडीपलीकडची सुईण येऊन दोनदा रिकामी परत गेली. वासुलेच्या घरी सून आली. मग याच बायका चंपिकेबरोबर पलीकडच्या वस्त्यांत जाऊन ओट्यांवर बसू लागल्या. अशी पुष्कळ वर्षे गेली. पूर्णक राजाने दवंडी पिटवून ती चाल बंद केली, तेव्हा थांबवायला फारसे कोणी उरलेच नव्हते.

वासुला चंपिकेशी शेवटपर्यंत दोन शब्द जास्त बोलली नाही. चंपिकेनेही तिच्याकडे क्षमा मागितली नाही. ती मागण्याजोगी गोष्ट नाही, असे तिला वाटे.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षुणींनो, त्या वेळची धरणी म्हणजे आज तुमच्यात सर्वांत आधी उठून अंगण झाडणारी सुगुप्ता. त्या वेळची वासुला म्हणजे तुमच्यातली ज्येष्ठ भिक्षुणी, थेरी विशोका. चंपिका मीच होतो. ते पाते माझ्या हाती होते."

सभेच्या कडेला एक उपासिका बसली होती. तिचे केस पांढरे झाले होते, पाठ वाकली होती, आणि पणती तिच्या मांडीवर झोपली होती. तिच्याकडे पाहून शास्ता म्हणाले, "आणि मेखला ती. या खेपेस ती म्हातारी झाली."

मग त्यांनी सत्यपारमितेचे, म्हणजे सत्याच्या पूर्णत्वास नेणाऱ्या साधनेचे, वर्णन केले. दुसऱ्याचा दोष दाखवणे हे सत्य खरे, पण ज्या सत्याने आपलेच आसन जाते आणि दुसऱ्याच्या माथ्यावरचा खोटा दोष उतरतो, ते बोलणे ही त्या पारमितेची पूर्ती होय.