अंगणासारखा झाडलेला डोंगर

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावाला स्वच्छतेचं भारी वेड होतं. सकाळी उठलं की जो तो आधी आपलं अंगण झाडायचा, मग समोरचा रस्ता, आणि तरीही हात शिवशिवत असले तर शेजाऱ्याचं अंगण. सोयरीक जमवायला आलेले पाहुणे मुलगी बघण्याआधी अंगण बघूनच खूश व्हायचे.

गावाला पाणी देणारा झरा एकच, डोंगराच्या कुशीतला. जंगल तुटत गेलं तसा झरा आटत गेला आणि एका उन्हाळ्यात पार कोरडा पडला. बायका लांबच्या नदीवरून डोक्यावर घागरी वाहू लागल्या. तेव्हा गावच्या कारभाऱ्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, "डोंगरावर झाडं होती तोवर पाणी होतं. झाडं परत लावू, पाणी परत येईल."

लोकांना पटलं. कुऱ्हाडबंदी झाली, चराईबंदी झाली. पाणी अडावं म्हणून उतारावर आडवे चर खणले, रोपं लावली, आणि प्रत्येक घराला डोंगराचा एकेक पट्टा सांभाळायला दिला. मग गावानं त्या डोंगराची अशी काही निगा राखली की बघणाऱ्याच्या डोळ्यांचं पारणं फिटावं! पान पडलं की उचल, गवत उगवलं की उपट, काटक्या दिसल्या की गोळा करून जाळ. चरात साचलेला पालासुद्धा रोजच्या रोज बाहेर. आता यात वावगं काय, तुम्हीच सांगा.

झरा मात्र आला नाही. पावसात लाल पाणी धो धो खाली यायचं, आणि पाऊस थांबला की सगळं कोरडं. चर गाळानं भरायचे. उन्हाळा आला की रोपं माना टाकायची. पुन्हा लावली, पुन्हा वाळली. गाव गोंधळून गेलं. कुणी म्हणालं, रोपंच वाईट. कुणी म्हणालं, आपणच नीट झाडत नाही. मग लोक सकाळ-संध्याकाळ झाडू लागले.

शेवटी सगळे थकले. "हा शिमगा झाला की गाव उठवू. नदीकाठी जाऊन राहू," असं ठरलं. कारभाऱ्यांच्याच शब्दावर गाव इतकी वर्षं राबलं होतं, आणि आपलं चुकलं कुठं हेच त्यांना कळेना.

उदास मनानं डोंगरावर फिरता फिरता ते ठकूबाईच्या पट्ट्यापाशी थबकले. ठकूबाई एकटी राहायची. तिची कंबर धरलेली, वाकता म्हणून यायचं नाही. तिच्या पट्ट्यात घोटाभर पाला साचलेला आणि वाळलेलं गवत जागच्या जागी लोळत पडलेलं. सगळं गाव त्याकडे बघून नाक मुरडायचं. पण तिथली रोपं कारभाऱ्यांच्या खांद्याला लागत होती!

"ठकूबाई, तू यांना घातलंस तरी काय?"

"म्या काय घालनार? म्या तर झाडलंबी न्हाई. लाज वाटती, कारभारी, पर कंबर उठूच देत न्हाई."

कारभाऱ्यांनी पाल्यात हात खुपसला. खालची माती गार आणि ओलसर लागली. शेजारी त्यांचा स्वतःचा झाडलेला पट्टा होता. तिथं बोट रुतेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गावाला डोंगरावर बोलावलं आणि घरातल्या दोन भरल्या घागरी आणल्या. एक घागर आपल्या पट्ट्यावर ओतली. पाणी माती घेऊन भर्रकन लोकांच्या पायांपर्यंत आलं.

"आवं, डोस्कं फिरलं का तुमचं?" कारभारीण ओरडली. "नदीवरनं वाहून आनलंय म्या त्ये!"

कारभाऱ्यांनी दुसरी घागर ठकूबाईच्या पट्ट्यावर ओतली. खाली उभे असलेले लोक पाय मागे घेऊन वाट बघत राहिले. पाणी आलंच नाही.

"ग्येलं कुटं?" एकानं विचारलं.

"आत," कारभारी म्हणाले.

"म्हंजी डोंगर असा घान ठिवायचा? पावनं काय म्हनत्याल?"

"मलाही धड उमगलेलं नाही," कारभारी म्हणाले. "पण जिथं आपला झाडू लागला नाही, तेवढंच जगलं. एक पावसाळा हात आवरून बघू. नाही जमलं तर पहिली गाडी मीच जुंपतो."

चर खणणं सोपं होतं, हात आवरणं महाकठीण गेलं. पानं पडत होती आणि माणसं तळमळत होती. पाहुणे हसून गेले. एक सोयरीक तर मोडलीच.

पुढच्या शिमग्याला मात्र झऱ्याच्या खडकातून करंगळीएवढी धार वाहत होती. गाव उठवायचं नाव कुणी काढलं नाही. कारभारी धारेपाशी बसून रडले. म्हणाले, "आपण इतकी वर्षं मायेनं झाडलं, आणि त्या मायेनंच डोंगराला उपाशी ठेवलं."

पहिली घागर गावानं ठकूबाईला भरून दिली. आपण न केलेल्या कामाचा हा मान कसला, हे तिला काही शेवटपर्यंत कळलं नाही.

तात्पर्य: ज्याची सेवा करायची, त्याला काय हवं ते आधी बघावं. आपल्या डोळ्यांना जे छान दिसतं, ते त्याला मानवेलच असं नाही.