कड्यांची फांदी

"बरा झाला होता ना तो? मग परत कसं झालं?"

टाकसाळे मास्तरांनी हे उभ्यानंच विचारलं. कमालबाबांनी दोनदा बसायला सांगितलं होतं. पण मास्तर सव्वीस वर्षं गणित शिकवत होते. उत्तराखाली दोन रेघा मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

कमालबाबा दर्ग्याच्या ओट्यावर गोधडीला टाके घालत बसले होते. ऐंशीच्या घरातला फकीर. सुईत दोरा ओवायला त्यांना बराच वेळ लागे, आणि तो वेळ ते घेत.

"कोण बरा झाला होता?"

"हा. माझा धाकटा भाऊ, मुरली."

मुरली अंगणातल्या कडुनिंबाखाली बसला होता. चाळिशीचा, दाढी वाढलेला. शेजारी कपड्यांचं गाठोडं. बोटानं मातीत एक अक्षर काढायचा, पुसायचा, परत काढायचा.

"गाठोडं कशाला आणलंस?"

मास्तरांनी फाइल एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

मुरलीच्या डोक्यावरून निंबाची एक जाड फांदी आडवी गेली होती. तिच्यावर शेकडो लोखंडी कड्या. इथला रिवाज तसा. ज्याचं डोकं ठिकाणावर नाही त्याला इथं आणायचं, पिराला नवस बोलायचा, आणि माणूस बरा झाला की फांदीत कडी अडकवून घरी जायचं. बऱ्या झालेल्यांच्या लोखंडानं फांदी इतकी वाकली होती की खाली बाभळीचा टेकू द्यावा लागला होता.

मास्तरांनी काखेतली फाइल उघडली.

"पहिले डॉक्टर म्हणाले, आवाज ऐकू येतात, स्किझोफ्रेनिया. दुसरे म्हणाले, मन चढतं आणि कोसळतं, बायपोलर. तिसऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्ही. स्किझोअफेक्टिव्ह."

"दोन्ही कसं?"

"मन चढतं-उतरतं तेव्हा आवाज येतातच. पण मन जागेवर असतं त्या आठवड्यांतही ते जात नाहीत. म्हणून हे वेगळं नाव."

"बरं."

"बरं काय, बाबा? आठ वर्षांत तीन नावं. आजार एक की दोन, हेच ठरत नाही. जे ठरत नाही त्यावर उपाय कसा करायचा?"

"उपायानं गुण आला होता का?"

मास्तरांनी फाइल मिटली.

"आला होता. आवाजाची एक गोळी, मनाची एक. मधूनमधून रक्त तपासायचं. आठवड्याला डॉक्टरीणबाईंकडे बसून बोलायचं. दीड वर्ष कामाला जात होता."

"काय काम?"

"दुकानांच्या पाट्या रंगवतो."

"शाळेच्याही," मुरली झाडाखालून म्हणाला.

बाबांनी त्याच्याकडे पाहून मान डोलावली. मग परत मास्तरांकडे वळले.

"तेव्हा कडी अडकवली?"

"आईनं अडकवली. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही."

"आणि गोळ्या?"

"आई म्हणाली, नवस फेडला. आता गोळ्या चालू ठेवणं म्हणजे पिरावर अविश्वास दाखवणं."

"ते आई म्हणाली. बंद कुणी केल्या?"

बाबांचा दोरा सुईतून निसटला. त्यांनी तो परत ओवायला घेतला. मास्तर पाहत राहिले…

"मी."

मास्तर आता खाली बसले.

"विश्वास नव्हता ना तुझा?"

"नव्हता. पण कंटाळलो होतो, बाबा. रोज दोन्ही वेळा त्याच्या हातावर गोळ्या ठेवायच्या. तोंड उघड, जीभ वर कर, म्हणायचं. सख्ख्या भावाला. मला ते संपायला हवं होतं. आई म्हणाली आणि मी लगेच ऐकलं. एरवी मी तिचं काही ऐकत नाही."

बाबांनी दोन टाके घातले.

"हल्ली कडी घेऊन येणाऱ्याला मी आधी विचारतो, औषध चालू आहे ना. तुझ्या आईला विचारायचं राहिलं. उरूस होता त्या दिवशी, गर्दी होती… ती चूक माझी."

मास्तरांनी चमकून पाहिलं. फकिराकडून हे ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

"मुरली," बाबांनी हाक मारली. "गोळ्या बंद झाल्या तेव्हा तुला काय वाटलं?"

"त्याला तेव्हा…" मास्तरांनी सुरुवात केली.

बाबांनी सुई वर धरली.

मुरलीनं मातीतलं अक्षर पुसलं.

"बरं वाटलं. गोळ्यांनी हात थरथरायचा. बंद केल्यावर दोन महिने रेघ सरळ आली."

"मग?"

"मग झोप जाईना… म्हणजे येईना. वाटायला लागलं, साऱ्या तालुक्याच्या पाट्या मीच रंगवणार. नंतर पाट्याच बोलायला लागल्या."

"आता बोलतात?"

"थोडं. लांबून. मन मात्र पडून आहे."

"हात थरथरतो हे डॉक्टरीणबाईंना सांगितलं होतंस?"

"तिथं दादाच बोलायचा. फाइल त्याच्याकडे असते."

मास्तरांनी मांडीवरची फाइल बाजूला ठेवली. तिचं काय करावं ते त्यांना कळेना.

"मला माहीत नव्हतं रे," ते म्हणाले.

"पुढच्या खेपेला तूच सांग," बाबा मुरलीला म्हणाले. "गोळी कमी करायची, बदलायची, ते त्या बघतील. ते काम दादाचं नाही, आईचं नाही. पिराचंही नाही."

दुपार उताराला लागली होती. कड्या वाऱ्यानं एकमेकींवर आपटत होत्या.

"त्याला इथं ठेवून घ्या, बाबा."

मास्तरांचा आवाज बारीक झाला होता.

"वीस दिवस दवाखान्यात काढले. शुक्रवारी घरी सोडलं. गोळ्या परत सुरू केल्यात, त्या गाठोड्यात आहेत. चिठ्ठीही आहे. पण माझ्यात आता जोर राहिला नाही. मला तो नकोसा झालाय असं नाही. मी थकलोय."

मुरली ऐकत होता. त्यानं मान वर केली नाही.

"निदान एवढं तरी सांगा," मास्तर म्हणाले, "किती दिवस द्यायच्या या गोळ्या? दोन वर्षं? पाच? आकडा सांगा, मी मोजून काढीन."

बाबांनी गोधडी बाजूला सारली. गुडघ्यावर हात देऊन उठले.

"ती फांदी दिसते? तीस वर्षं तशीच आहे. कधी पडली नाही. म्हणजे बरी झाली ना?"

"…असेल."

"मग तो टेकू काढ."

"आत्ता?"

"आत्ता. बऱ्या फांदीला टेकू कशाला?"

मास्तर उठले. झाडाशी गेले. बाभळीचं लाकूड दोन्ही हातांनी धरलं. खाली मुरली बसलेला.

"सरक रे जरा."

"बसू दे त्याला," बाबा ओट्यावरून म्हणाले.

मुरली सरकला नाही. त्यानं फक्त वर पाहिलं. आधी कड्यांकडे, मग दादाकडे. आईनं अडकवलेली कडी अजून नवी होती, तिला गंज चढला नव्हता.

मास्तरांचे हात टेकूवर तसेच राहिले. मग सुटले.

"नाही काढणार."

"का? तीस वर्षांत पडली नाही."

"टेकू आहे म्हणून पडली नाही!"

हे ते वर्गात ओरडावं तसं ओरडले.

बाबा हळूहळू चालत झाडाशी आले. टेकूच्या बुडाशी वाकले, नखानं लाकूड खरवडलं. पिवळा भुगा खाली पडला.

"हा चौथा आहे," ते म्हणाले. "आधीचे तीन कुजले."

मास्तर त्या भुग्याकडे बघत राहिले.

"कुजले तेव्हा काय केलंत?"

"नवा मिळेपर्यंत गावातले चौघं पाळीपाळीनं फांदी धरून उभे राहिले. एकट्यानं धरली असती तर तो मेला असता."

मास्तरांनी तोंडावरून हात फिरवला. डोळ्यांतलं पाणी त्यांनी लपवलं नाही. लपवायलाही जोर लागतो.

"दर गुरुवारी इथं मागच्या खोलीत एक डॉक्टरीणबाई येतात," बाबा म्हणाले. "आजाऱ्यांच्या घरची माणसंही बसतात. आपापलं बोलतात. तू कधी आला नाहीस."

"माझा विश्वास…"

"विश्वास कशाला लागतो? बाकडं आहे. बसायचं."

मास्तर एवढंसं हसले. आठवड्यात पहिल्यांदा असेल.

बाबांनी वाकून मुरलीशेजारचं गाठोडं उचललं. मास्तरांना वाटलं, आत नेतात. ठेवून घेतलं त्याला. सुटलो… आणि त्याच क्षणी त्यांचा हात गाठोडं परत घ्यायला पुढे झाला.

बाबांनी गाठोडं थोपटून जरा सपाट केलं आणि फांदीखालच्या सावलीत परत ठेवलं.

"डोकं टेक, मास्तर."

"मी? नको. संध्याकाळच्या गोळ्या द्यायच्यात त्याला."

"किती वाजता, मुरली?"

"सात," मुरली म्हणाला. "जेवणानंतर. दोन."

"कळतं त्याला. टेक."

मास्तर आडवे झाले. चपला काढायचंही राहिलं. काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि अर्ध्या वाक्यातच त्यांचा श्वास जड झाला.

बाबांनी ओट्यावरची गोधडी आणून त्यांच्या पायांवर टाकली. सुई तशीच तिच्यात अडकलेली होती, ती काढून घेतली.

"मुरली, ऊठ. त्या टेकूवर हात ठेव."

मुरली उठला. हात पुढे केला, पण लाकडापाशी जाऊन थांबला. बोटं हलत होती.

"हात थरथरतो माझा, बाबा."

"थरथरू दे. आणि हळू बोल, दादाला झोप लागलीय."