उघाडीचा राखणदार

सांगा बरं, ज्याला दारू ठाऊक नाही, तंबाखू ठाऊक नाही, ज्याच्या तोंडून कधी वेडावाकडा शब्द जात नाही, अशा माणसाला संयम शिकवायची गरज असेल का? "नाही" म्हणणार असाल, तर आधी ही गोष्ट ऐका.

फार पूर्वी खाडीकाठी एक ख्रिस्ती गाव होतं. गावाची भातशेती खाडीच्या पाण्याहून सखल, म्हणून वाडवडिलांनी मध्ये मातीचा लांब बांध घातला होता. बांधाला एक दार होतं, त्याला सगळे उघाडी म्हणत. ओहोटीला उघाडीच्या जाड फळ्या वर उचलायच्या, म्हणजे शेतातलं जादा पाणी खाडीत उतरे. भरती चढायच्या आत त्या खाली सोडायच्या, म्हणजे खारं पाणी बाहेरच राही. ते पाणी एकदा शेतात शिरलं, की पुढं कित्येक वर्षं तिथं भाताचं रोप धरत नाही.

या उघाडीवर एक राखणदार होता. आठवड्याचे सहा दिवस तो, आणि रविवारी त्याचा धाकटा भाऊ, अशी गावाची जुनी रीत होती. राखणदारानं रविवारी चर्चला जावं, बायकोच्या हातचं गरम जेवावं आणि दुपारभर ताणून द्यावी. धाकटा भाऊ संध्याकाळच्या प्रार्थनेला जाई.

एका पावसाळ्यात बांधाला भगदाड पडू लागलं. राखणदारानं रात्रंदिवस खपून एकट्यानं ते बुजवलं. मग काय, जो तो म्हणू लागला, "बाबा, तुम्ही आहात म्हणून आमच्या चुली पेटतात!"

हे शब्द त्याला फार गोड लागले. इतके गोड, की पुढच्या शनिवारी संध्याकाळी धाकटा भाऊ रविवारची पाळी घ्यायला उघाडीवर आला, तेव्हा तो म्हणाला, "तू जा. यापुढं रविवारीही मीच बसेन."

"का रे दादा? माझं काही चुकलं?"

"गेल्या वर्षी तुझ्या हातून एक फळी तिरकी बसली होती."

"आणि ती मीच काढून सरळ बसवली होती! ते बरं विसरलास."

पण थोरल्यानं ऐकलं नाही. रविवारमागून रविवार गेले. चर्चमधली त्याची जागा रिकामी राहू लागली. लोक म्हणत, "केवढा त्याग!" बायको मात्र त्याचं ताट झाकून वाट बघत बसे.

"अहो, डोळे बघा तुमचे, गुंजेसारखे लाल झालेत," ती एकदा म्हणाली. "घास हातात धरून झोपता तुम्ही. एक दिवस तरी घरी राहा ना."

"सैतान सुट्टी घेतो का?" तो म्हणाला.

"तो नसेल घेत. पण सहा दिवसांत जग घडवून सातव्या दिवशी देवानं घेतली होती. तुम्ही दोघांतल्या कुणाचा कित्ता गिरवताय?"

तो उठून उघाडीवर गेला.

भाद्रपद आला. भाताची कणसं दुधात आली होती. त्यातच अमावास्या रविवारी आली आणि खाडीला उधाण यायचं होतं. पहाटे ओहोटीला राखणदारानं फळ्या वर घेतल्या. थोड्या वेळानं धाकटा भाऊ आला.

"दादा, आज मोठं पाणी आहे. आज तरी मला बसू दे. देवाला विसावा लागतो आणि तुला लागत नाही? तू काय त्याच्याही वरचा?"

राखणदाराचं अंग अंग दुखत होतं. "बस बाबा," हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण त्याच्या मनात आलं, आज एवढं मोठं उधाण यानं नीट सांभाळलं, तर उद्या मला कोण विचारील? आणि तो म्हणाला, "चर्चला उशीर होतोय तुला. जा."

धाकटा मान खाली घालून गेला.

काही वेळानं चर्चची घंटा वाजली. राखणदाराला वाटलं, उपासना चुकतेच आहे, निदान इथं तरी प्रार्थना करावी. भरतीला अजून अवकाश होता. त्यानं बांधावर गुडघे टेकले, हात जोडले, डोळे मिटले. "हे प्रभू," एवढंच तो म्हणाला. पुढचा शब्द तोंडातच राहिला, आणि तो तसाच बांधावर कलंडून झोपी गेला.

जाग आली ती पाण्याच्या गर्जनेनं. उधाणाचं पाणी उघाडीतून आत घुसत होतं. त्यानं फळी सोडली, ती काडीसारखी मोडली. दुसरी लोंढ्यानं ओढून नेली. तो गळा फाटेस्तोवर ओरडला. चर्चमधून लोक धावत आले. कुणी घराची दारं काढून आणली, कुणी पोत्यांत माती भरली, धाकटा भाऊ छातीभर पाण्यात उभा राहिला. पण उघाडीच्या बाजूचा बांध खचला आणि दुपारपर्यंत सगळ्या शिवारात खाडी पसरली. कणसांची नुसती टोकं वर दिसत होती. उघाडीलगतचं पहिलं शेत धाकट्याचं होतं. तिथं तर टोकंही दिसत नव्हती.

"मी प्रार्थना करत होतो रे," राखणदार रडत म्हणाला. "देवाशपथ, प्रार्थनाच करत होतो."

धाकटा चिखलानं माखलेला होता. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "दादा, प्रार्थना आम्ही सगळेच करत होतो. तू नुसतं घरी यायचं होतंस."

बाकीचे लोक राखणदाराच्या बाजूनं आपापल्या घरी निघून गेले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली निम्मी घरं बोचकी बांधून, पोरंबाळं कडेवर घेऊन, परमुलखात पोट भरायला निघाली. सगळ्यांच्या पुढं धाकटा भाऊ होता.

तात्पर्य: वाईट कामापासून हात आवरणं हा संयम आहेच, पण देवानं सांगितलेल्या वेळी चांगल्या कामातूनही हात काढून घेणं, हा त्याहून अवघड संयम आहे. माझ्यावाचून अडेल असं ज्याला वाटतं, त्याचा देवावरचा भरवसा आधीच झोपी गेलेला असतो.