काकवीच्या बिस्किटांचा वास

“पण झालं, हे कळतं कसं?”

दबोराने तिसऱ्यांदा विचारलं.

“तुला काय वाटतं?” सगुणाबाई म्हणाल्या.

दबोराला नेमकं हेच नको होतं. प्रश्न विचारला की वडीलधारी माणसं तोच प्रश्न परत करतात आणि वर त्याला शहाणपण म्हणतात. कॉलेजात प्राचार्य हेच करायचे. घरी काका अजून करत होते.

“मला वाटतं, तुम्हाला सांगायचं नाहीये.”

“असेल,” बाई म्हणाल्या आणि पीठ मळत राहिल्या.

पीठ काळसर तपकिरी होतं. मैदा, तूप, गुऱ्हाळावरून आलेली ताजी काकवी, सुंठ, दालचिनी, लवंग. साधं बिस्कीट भाजताना कडेने सोनेरी होतं आणि डोळ्यांना कळतं. हे बिस्कीट भट्टीत काळं जायचं आणि काळंच बाहेर यायचं. कच्चं असो, भाजलेलं असो, तळाला करपलेलं असो... वरून तिन्ही सारखीच.

भट्टी म्हणजे पत्र्याची पेटी. खाली निखारे, वर झाकणावर निखारे. दाराला काच नव्हती.

नाताळला तीन दिवस उरले होते.

सगुणाबाई मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात मेट्रन होत्या. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती. मिशनच्या देवळामागच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या. नाताळच्या सकाळी चर्चच्या मंडळीतल्या पासष्ट घरांत त्यांच्या भट्टीतली बिस्किटं जायची. डिसेंबर लागला की मुली मदतीला यायच्या आणि दोन्ही खोल्या भरून जायच्या. जानेवारीत पुन्हा कुणी फिरकायचं नाही.

गेल्या नाताळात एक ट्रे करपला. कडू बिस्किटं अकरा घरांत गेली.

कमिटीत विषय निघाला. बाईंचं वय झालं, यंदा बाजारातल्या बेकरीला सांगू या, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. पाळकसाहेबांनी मधला मार्ग काढला. दबोरा उबाळे फूड टेक्नॉलॉजी शिकलेली आहे, तिला एक दुपार बाईंकडे पाठवू. बाईंना जमतंय की नाही ते बघून ती फोनवर सांगेल. नाही म्हणाली, तर भट्टी बंद. तोवर मुलींना मदतीला पाठवायचं नाही.

बाईंना हे सगळं माहीत होतं. दबोरा दारात आली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, “या तपासनीसबाई. चपला बाहेर.”

दबोराचं उत्तर जवळजवळ ठरलेलं होतं: नाही. पाककृती पदराखाली लपवून ठेवायची आणि मग आजकालच्या मुलींना काही येत नाही म्हणून रडायचं, या प्रकाराचा तिला वीट आला होता. म्हणून आल्याआल्या तिने वही उघडली आणि ठणकावून विचारलं, “प्रमाण सांगणार का?”

बाईंनी सांगितलं. ग्रॅमसकट. सुंठ किती, लवंग किती, काकवी किती वेळ कोमट करायची, सगळं.

दबोराने लिहून घेतलं. मग तिला थोडं चुकल्यासारखं झालं. भांडायला जागाच राहिली नव्हती.

एवढीच एक गोष्ट राहिली होती. झालं, हे कळतं कसं?

तिने पिशवीतून थर्मामीटर काढला आणि भट्टीत ठेवला.

“किती ताप आहे तिला?” बाईंनी विचारलं.

“एकशे ऐंशी.”

“मग आता तिला झोपू दे. ट्रे ठेव.”

पहिला ट्रे आत गेला. दबोराने घड्याळ लावलं. बाई भट्टीकडे पाठ करून पाटावर बसल्या आणि वाटीच्या कडेने पुढची बिस्किटं कापायला लागल्या.

पाच मिनिटं गेली.

“कसला वास येतोय?” बाईंनी विचारलं.

परीक्षा सुरू झाली, दबोराच्या मनात आलं.

“तुपाचा.”

“अजून?”

“ओल्या पिठाचा... बस, एवढाच.”

“बरं.”

बरोबर की चूक, ते बाईंनी सांगितलं नाही. दबोराला ते खटकलं. तिने भट्टीच्या आणखी जवळ जाऊन नाक लावलं.

“आता?”

“आता काकवी. गुऱ्हाळावर कढई उतरवतात ना, तशी.”

“मग?”

“मग... थांबा हं.” दबोराने डोळे मिटले. “सुंठ. नाकात टोचतेय.”

“दालचिनी?”

“नाही. हो! आली. सुंठीच्या मागून आली.”

दबोरा हसली. तिने चार वर्षं प्रयोगशाळेत घालवली होती, पण वास असे एकामागून एक दारातून आत येतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने प्रत्येक वास वहीत मिनिटासकट टिपला. पाच, तूप. नऊ, काकवी. बारा, सुंठ. तेरा, दालचिनी. पंधरा, लवंग.

“आता काय?”

“लवंग आहे. आणि... अहो बाई, गंमतच झाली. आता वेगवेगळं काहीच येत नाही. सगळ्याचा मिळून एकच वास झाला.”

“काढ,” बाई म्हणाल्या.

ट्रे बाहेर आला. दबोराने एक बिस्कीट गार करून मोडलं. कड खुसखुशीत होती, मध्ये मऊ. तिने दुसरंही खाल्लं.

अठरा मिनिटं, तिने वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली.

“बाई, एवढं कळायला तुम्हाला किती वर्षं लागली?”

बाईंनी निखाऱ्यांवर नवे कोळसे टाकले आणि म्हणाल्या, “दुसरा ठेव.”

दबोराने दुसरा ट्रे ठेवला. आता तिला घाई नव्हती. सूत्र सापडलं होतं. ती ओट्याला टेकून वहीत आलेख काढायला लागली. आडव्या रेषेवर मिनिटं, उभ्या रेषेवर वास. पाळकसाहेबांना दाखवता येईल. पुढे यंत्रावरही बसवता येईल.

“कसला वास येतोय?”

दबोराने घड्याळ पाहिलं. “तूप.”

“बरं.”

थोड्या वेळाने पुन्हा, “आता?”

“काकवी,” दबोरा वहीतून मान वर न करता म्हणाली.

“आता?”

“सुंठ.”

“दालचिनी?”

“आली, आली.”

बाई वाटीने बिस्किटं कापत होत्या. एकसारखी, गोल, हात न थांबता.

“आता?”

“लवंग, बाई. अजून तीन मिनिटं आहेत.”

आणि तेव्हा तो वास दबोराच्या नाकात शिरला. कडू, जळक्या साखरेचा. घसा धरणारा.

तिने वर पाहिलं.

बाई शांत बसल्या होत्या. कापलेलं बिस्कीट उलथन्याने उचलून ट्रेमध्ये ठेवत होत्या. जळका वास खोलीभर झाला होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

दबोराने फडकं घेतलं, भट्टीचं दार उघडलं आणि ट्रे ओढला. वरून बिस्किटं पहिल्यासारखीच दिसत होती. तिने एक उलटं केलं. खालून कोळसा.

नव्या निखाऱ्यांनी भट्टी जास्त तापली होती. ते वहीत नव्हतं.

“करपली,” ती म्हणाली.

बाईंचा हात थांबला.

“बाई... तुम्हाला वास आला नाही?”

“नाही.”

“एवढा? अहो, डोळ्यांतून पाणी येतंय माझ्या!”

“नाही आला.”

दबोरा तशीच उभी राहिली, हातात गरम ट्रे धरून.

“कधीपासून?”

“सात वर्षं झाली. ताप आला होता, त्यात गेला. गोड कळतं, खारट कळतं.” बाई थोडं थांबल्या. “बाकीचं आठवतं.”

“मग तुम्ही मला मघापासून विचारत होता, ते...”

“मला माहीत नव्हतं म्हणून विचारत होते.”

“मला वाटलं, तुम्ही माझी परीक्षा घेताय.”

“सगळ्या पोरींना तसंच वाटतं,” बाई म्हणाल्या. “मी वाटू देते. मन लावून हुंगतात.”

दबोराला हसू आलं आणि त्याच वेळी रागही आला. तिने ट्रे खाली ठेवला.

“लपवून ठेवलंत तुम्ही. सात वर्षं.”

“कुणी विचारलं नाही.”

“हे काही उत्तर झालं?”

“नाही झालं.” बाईंनी पदराला हात पुसले. “भट्टी गेली की पोरी यायच्या बंद होतील. म्हणून लपवलं.”



दबोराला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं. बाईंना जमत नाही. एक फोन केला की काम संपलं.

पण पहिल्या ट्रेतली बिस्किटं ओट्यावर होती. त्यांची चव अजून तिच्या जिभेवर होती.

“मग पहिला ट्रे कुणी भाजला?” तिने विचारलं.

“तू.”

“मी? मी फक्त वास सांगत होते.”

“हो.”

“काढ म्हणून तुम्ही म्हणालात.”

“ते मी म्हणाले.”

दबोरा पाटासमोर जमिनीवर बसली. दुपारभर ती उभी होती.

“आणि गेल्या वर्षी? तो ट्रे कसा करपला?”

“मार्था होती मदतीला. जाधवांची. फार गुणी पोर.” बाईंनी सुस्कारा सोडला. “मी विचारलं, कसला वास येतोय. ती म्हणाली, बाई, तुमच्यापुढे मी काय सांगणार?”

“मग?”

“मग अकरा घरं.”

दबोरा खळखळून हसली. बाईंनी हसू दाबलं, पण ते नीट दाबलं गेलं नाही.

“आणि आधी? वास यायचा तेव्हा कसं करायचात?”

“तेव्हा मी पोरींना भट्टीजवळ उभं राहू देत नव्हते.”

दबोराला आणखी दहा प्रश्न सुचले. तिने एकही विचारला नाही. ती उठली. तिसऱ्या ट्रेतली चार बिस्किटं कापायची राहिली होती, ती तिने कापली. बाईंनी निखारे चिमट्याने पसरून थोडे बाजूला केले. तिसरा ट्रे आत गेला.

घड्याळ तिने लावलं नाही. ती भट्टीजवळ मांडी घालून बसली.

“तूप,” ती आपणहून म्हणाली.

“लवकर आलं.”

“हो. मघापेक्षा लवकर. भट्टी अजून कडक आहे का?”

“असणार. वरचे दोन निखारे काढ.”

दबोराने काढले. ती पुन्हा भट्टीशी बसली.

“काकवी.”

“हं.”

“बाई, सुंठ अजून नाही. यायला हवी होती का?”

“मला काय विचारतेस?” बाई म्हणाल्या. “तिला विचार.”

दबोराने नाक पुढे केलं. बारीक टोचणी लागली. ती सांगणार, एवढ्यात फोन वाजला.

पाळकसाहेब.

दबोराने फोनकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाईंनी नजर चुकवली नाही. हात जोडले नाहीत की मान हलवली नाही. फक्त पाटावर जरा ताठ बसल्या.

दबोराच्या हाताला पीठ होतं. तिने करंगळीने फोन उचलला आणि स्पीकर लावला.

“काय गं, झालं का बघून?” पाळकसाहेबांचा आवाज खोलीभर आला. “बेकरीवाला थांबलाय. त्याला हो म्हणू की नाही?”

“नको, नको,” दबोरा म्हणाली. “सगळं ठीक आहे.”

“ठीक म्हणजे? बाईंना जमतंय ना? मला कमिटीला सांगायला लागेल. पुन्हा अकरा घरांची तक्रार नको.”

“जमतंय ना, साहेब! उत्तम जमतंय.” दबोराचा आवाज उगाचच चढला. “अहो, बाईंचं नाक म्हणजे... मी तर थक्कच झाले. नुसत्या वासावर सांगतात. दालचिनी कधी आली, लवंग कधी आली, मिनिटासकट...”

“असं?”

“हो! आमच्या प्रयोगशाळेत असं यंत्र नाही. गेल्या वर्षी जे झालं, ते मदतीला असलेल्या मुलीमुळे झालं. बाईंचा काही दोष नव्हता. त्यांना एवढासा वाससुद्धा...”

ती बोलत राहिली. पाठ भट्टीकडे होती.

बाई पाटावरून उठल्या. एक हात गुडघ्यावर, एक भिंतीला. दोन पावलं टाकून त्या दबोराजवळ आल्या आणि फोनवर वाकल्या.

“पाळकसाहेब.”

“बोला, बाई. अभिनंदन! दबोरा सांगतेय की...”

“मला वास येत नाही. सात वर्षं झाली.”



“बाई!” दबोरा दबक्या आवाजात म्हणाली.

“काय म्हणालात?” पाळकसाहेबांनी विचारलं. “मग... मग बिस्किटं भाजतं कोण?”

“ही भाजते. पण तुमच्याशी बोलत बसली की तिलाही येत नाही,” बाई म्हणाल्या. “फोन ठेवा. ट्रे आत आहे.”